चकचकीत फरशी आणि ओले पाय

आमच्या फॉर्मवरचा अकरावा प्रश्न होता, 'गेल्या बारा महिन्यांत तुम्ही पडलात का?' खानापूर तालुक्यातल्या साठीपुढच्या माणसांना मी तो पावसाळाभर विचारला आणि पावसाळाभर मला एकच उत्तर मिळालं, न्हाय. ढोपराला फडकं बांधून बसलेली म्हातारी न्हाय म्हणायची. कपाळावर खोक पडलेला म्हातारा न्हाय म्हणायचा आणि खोक कशाची विचारलं तर सांगायचा, "जुनी हाय." जुनी म्हणे! खपलीसुद्धा धरली नव्हती अजून.

मी फिजिओथेरपिस्ट आहे, बेळगावात नोकरी करते. म्हाताऱ्या माणसांचं चालणं, त्यांचा तोल आणि पडणं यावर एक अभ्यास चालला होता, आणि गावोगाव फिरून माहिती गोळा करायचं काम माझ्याकडे आलं. बरोबर निपाणीकडची एक मुलगी होती, माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान, नुकतीच शिकून बाहेर पडलेली. सामान म्हणजे स्टॉपवॉच, मोजपट्टी, जमिनीवर चिकटवायची रंगीत पट्टी आणि बिनहातांची एक लाकडी खुर्ची. ही खुर्ची वडापच्या जीपच्या टपावर बांधताना ड्रायव्हर रोज विचारायचा, "बाई, तिकडं खुर्च्या मिळत न्हाईत का?" मिळतात, पण प्रत्येक गावात एकाच उंचीची खुर्ची लागते, हे त्याला सांगून सांगून मी थकले.

परीक्षा सोपी होती. हात न टेकता खुर्चीवरून उठायचं, तीन मीटर चालायचं, वळायचं आणि परत येऊन बसायचं. आम्ही फक्त वेळ मोजायचा. नंदगडच्या बाजूच्या एका गावात पहिल्याच दिवशी सगळ्या बायका नापास झाल्या. खुर्चीच्या कडेला जेमतेम टेकायच्या, पदर नाकापर्यंत, मान खाली आणि पाऊल मुंगीचं. मी गंभीर चेहऱ्यानं लिहून घेतलं, चाल मंद, तोल शंकास्पद. दुपारी त्यातलीच एक बाई डोक्यावर एक आणि कमरेवर एक अशा दोन घागरी घेऊन माझ्यासमोरून तरातरा निघून गेली. मी तिला गाठलं, तर हसायलाच लागली. "बाई, समोर कट्ट्यावर आमचं थोरलं दीर बसल्यालं. त्यांच्या म्होरं खुर्चीवर बसू व्हय मी?"

कपाळ माझं! मीही असल्याच घरातली, जांबोटीजवळच्या गावातली. माझी आई सासऱ्यांसमोर कधी पाटावरसुद्धा बसली नाही, आणि एवढं शिकून हे मला सुचू नये? सकाळचे सगळे कागद फाडले. दुसऱ्या दिवसापासून आम्ही आधी कट्ट्यावरच्या पुरुषांना चहाला पाठवायचो आणि मगच खुर्ची मांडायचो.

पट्टीवरून पावलापुढे पाऊल ठेवत चालायची परीक्षा मात्र सगळे झटक्यात पास. बेळगावात बसलेले आमचे सर फोनवर म्हणाले, "नीट मोजताय ना?" भाताच्या बांधावरून जन्मभर भारा घेऊन चाललेल्या माणसाला तुमची पट्टी म्हणजे हमरस्ता आहे, असं सांगावंसं वाटलं. सांगितलं नाही. नीट मोजतोय, एवढंच म्हणाले.

मग ही माणसं पडतात तरी कुठं? ते निपाणीच्या मुलीनं शोधून काढलं. एका बाईनं तिला निघता निघता सांगितलं होतं, "पडले म्हटलं की सुनंला बोल लागतोय. न्हायतर ल्योक शेरात उचलून नेतोय. कशापायी सांगू?" तेव्हापासून ती मुलगी अकराव्या प्रश्नाला फॉर्म मिटून ठेवायची आणि बायकांना विचारायची, "मावशी, बांगड्या कवा भरल्या? आधीच्या कशानं वाढल्या?" पडल्याचं बायका विसरतील, लपवतील, पण बांगड्यांचं सगळं त्यांना पाठ असतं. कासार कधी आला होता, कुठला रंग घेतला, हात किती दुखला. आणि मग ओघात यायचं, "परड्यातनं पाय धुऊन आत आले बघ, आन सटाकदिशी..."

घरोघर हेच. शेतात नाही, बांधावर नाही, विहिरीवर नाही. मागच्या दारातून दोन पावलं आत. आमच्याकडे शेतातून आलेलं माणूस परड्यात, म्हणजे मागच्या अंगणात, पायावर पाणी घेतल्याशिवाय घरात येत नाही. सारवलेल्या जमिनीवर ओले पाय कधी घसरले नाहीत, जमीनच ते पाणी पिऊन टाकायची. आता पोरं शहरात नोकरीला लागली. पगार सुरू झाला की ती गावच्या घरात सगळ्यात आधी फरशी घालतात, तीही चकचकीत, तोंड दिसेल अशी. म्हातारी माणसं तिच्यावर ओल्या पायांनी येतात, कारण सत्तर वर्षं तशीच आलेली असतात.

आईच्या घरात तसलीच फरशी होती. मीच घातलेली, माझ्या पगारातून, दुकानात दोन तास घालवून निवडलेली. ते मला आठवलं नाही असं नाही. पण मी दर खेपेला आईला विचारत होते, ती न्हाय म्हणत होती, आणि माझा विश्वास बसत होता. खोटं बोलायचं ते दुसऱ्यांच्या आयांनी! आणि बांगड्यांचा प्रश्न तिला लागू नव्हता. आप्पा गेल्यापासून तिच्या हातात काचेची बांगडी नव्हती.

आप्पांच्या मागं ती गावात एकटीच राहत होती, एक म्हैस आणि थोडी भातशेती धरून. माझा धाकटा भाऊ बेळगावातच, टिळकवाडीत तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट घेऊन राहतो. त्यानं तिला बजावून ठेवलं होतं, "एकदा जरी पडलीस, तर दुसऱ्या दिवशी गाडी घिऊन येतो. म्हस इकायची आन यायचं." बोलल्याप्रमाणे करणारा माणूस आहे तो. आई त्याच्याकडे एकदा आठ दिवस राहून आली होती. काय केलंस विचारलं तर म्हणाली, "समोरच्यांची वाळत घातल्याली कापडं बघितली." माझ्याकडे राहायचा प्रश्नच नव्हता, लेकीच्या घरी कायमचं राहणं तिला पटत नाही.

स्वतःच्या गावात स्वतः मोजायचं नाही, असा आमचा नियम होता. म्हणून आमच्या गावात ती मुलगी एकटी गेली. फॉर्मवर नावं नसतात, नुसते नंबर असतात. ते तपासायचं काम माझं. त्या आठवड्यात चहा पीत पीत मी फॉर्म चाळत होते. एका फॉर्मच्या शेवटी 'इतर' म्हणून जागा असते तिथं तिनं बारीक अक्षरात लिहिलं होतं: 'तीनदा पडल्या. तिन्ही वेळा पाय धुऊन आत येताना. कुणालाही सांगितलेलं नाही. म्हणाल्या, फरशी लेकीनं हौसेनं घातलीया, तिला कळलं तर मनाला लावून घेईल. लेकाला कळलं तर म्हस इकून मला नेईल.'

दोनदा वाचलं. मग मी त्या मुलीवर ओरडले, काही कारण नसताना. ती बिचारी म्हणाली, "मॅडम, मी नाव लिहिलेलं नाही. कुणाला सांगणार नाही असं मी त्यांना कबूल केलंय." बरोबरच होतं तिचं. फॉर्ममधली गोष्ट फॉर्ममध्येच राहायला हवी, हे मीच तिला शिकवलं होतं. मी तिची माफी मागितली आणि रविवारी गावी गेले.

आधी मी शहाणपणा केला. म्हटलं, "आई, ही फरशी आता जुनी झाली, खडबडीत घालूया, नवीन निघालीय." आई तांदूळ निवडत होती, मान वर न करता म्हणाली, "काय झालंय तिला? अख्ख्या गावात असली कुणाची न्हाय." निदान मागच्या दाराशी तरी बदलू म्हटलं, तर म्हणाली, "पैसं लई झाल्यात काय तुला?" मी समजावत राहिले, ती निवडत राहिली, आणि शेवटी माझं डोकं फिरलं.

"तीनदा पडलीस की गं इथं!"

तिचा हात थांबला. "त्या पोरीनं सांगितलं व्हय? शपथ घेतलती तिनं."

"तिनं नाही सांगितलं. मी वाचलं."

"म्हंजे चोरून वाचलीस."

आई सूप बाजूला ठेवून म्हणाली, "आता जा, सांग जा त्याला. म्हशीचं गिऱ्हाईक बी तूच बघ." मी म्हटलं, मी सांगणार नाही, पण त्यानं विचारलं तर खोटंही बोलणार नाही. मग आम्ही अर्धा तास कडाडून भांडलो. मी म्हटलं, खुबा मोडून पडलीस तर सकाळी दूध न्यायला कुणी येईपर्यंत कळायचंसुद्धा नाही. ती म्हणाली, कळलं न्हाय तर न्हाय, माझ्याच घरात मरेन की. मी म्हटलं, मग आम्ही कशाला आहोत? ती म्हणाली, "तेच इचारते मी, कशाला हायसा? भ्या घालाय?" दोघींचेही आवाज चढले होते. शेजारीण परड्यातून डोकावून गेली.

मग आईनं सूप परत पुढ्यात ओढलं आणि आपणहून म्हणाली, "लाव फोन. मीच सांगते."

आमच्याकडे रेंज फक्त गोठ्याच्या कोपऱ्यात येते. तिथं जाऊन मी भावाला फोन लावला, स्पीकर सुरू केला आणि फोन तिच्यापुढं धरला. आईनं पाठ केल्यासारखं एका दमात सांगितलं, "हे बघ, मी पडलते. तीनदा. घरातच. आन मी येनार न्हाय, आधीच सांगते. फरशी काढा न्हायतर ऱ्हाऊ द्या, म्हस इकायची न्हाय."

ती बोलत होती तोवर मी माझी वाक्यं तयार केली, दाराशी धरायला पाइप बसवू, खडबडीत फरशी घालू, संध्याकाळी शेजारणीला डोकवायला सांगू. भाऊ चिडला की काय काय म्हणतो ते मला माहीत होतं, आणि प्रत्येकाचं उत्तर माझ्याकडे तयार होतं.

"नेत न्हाय गं," तो म्हणाला. "फरशीचं मी आन आक्का बघतो. तुला लागलं कुठं ते सांग आधी."

मी सकाळपासून त्या घरात होते, आणि हे मी तिला विचारलं नव्हतं. फॉर्मवर तो प्रश्न होता, त्या मुलीनं 'होय'वर खूणही केली होती, आणि मी ती ओलांडून पुढं वाचत गेले होते. मला माझीच लाज वाटली.

आईच्या डोळ्यांत पाणी आलं. इतक्या वेळात पहिल्यांदा. "हितं," ती म्हणाली आणि लुगड्याचा काठ वर उचलून तिनं मांडी फोनपुढं धरली. ढोपरापासून वर वीतभर काळंनिळं झालं होतं, कडेला पिवळं पडत चाललेलं. "आन हितं बी. दिसलं का रं?"

फोन साधाच लावलेला होता, त्याला काही दिसत नव्हतं.

"दिसलं गं, आई," मी म्हणाले.