सुधाच्या बुटांची टकटक

"हा पोलिओ आहे," डॉक्टर म्हणाले. परळच्या इस्पितळात मी सुधाला मांडीवर घेऊन बसले होते. पोलिओ म्हणजे साध्या तापातून पायातली शक्तीच जाणं. माझी सुधा सहा वर्षांची. डावा पाय नुसता लोंबत होता. तरी मी शहाणी विचारते कशी, "शाळा सुरू व्हायच्या आत बरी होईल ना?"

चार महिन्यांनी ती घरी आली ती कॅलिपर घालून. कॅलिपर म्हणजे बुटाला जोडलेल्या लोखंडी पट्ट्या. त्या गुडघा सरळ धरतात. "रोज सकाळ-संध्याकाळ चालवा. रडली तरी चालवा," डॉक्टरांनी बजावलं.

आमचं बिऱ्हाड गिरगावात, चाळीच्या दुसऱ्या मजल्यावर. जमीन लाकडी. सुधा भिंतीला धरून चालायची आणि टक टक, टक टक सगळा मजला वाजायचा. "आई, आज दारापर्यंत!" म्हणून ओरडायची.

महिन्याभरात आमच्या खालच्याच खोलीत राहणाऱ्या तात्यांना हार्ट अटॅक आला, म्हणजे हृदयविकाराचा झटका. त्यांना संपूर्ण विश्रांती सांगितली. मी त्याच दिवशी सुधाचे बूट फळीवर ठेवले. मला कुणी सांगितलं नव्हतं हो! ना तात्यांनी, ना त्यांच्या बायकोनं, माईंनी. पण ही भीड मेली! खाली आजारी माणूस निजलंय आणि त्याच्या डोक्यावर लोखंड वाजतंय, बरं दिसतं का? गॅलरीही लाकडीच. रस्त्यावर न्यावं तर संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे दिवस. आज मोर्चा, उद्या संचारबंदी. इस्पितळाची तारीखही दोनदा चुकली.

"बूट घालू?" सुधा विचारायची.

"तात्या बरे झाले की."

ती गुमान पाय दुमडून सागरगोटे खेळत बसायची. किती समजूतदार पोर म्हणून मी कौतुक करायची. आग लागो त्या कौतुकाला!

तीन महिन्यांनी डॉक्टरांनी तिचा गुडघा सरळ करून पाहिला. सुधा किंचाळली. "कॉन्ट्रॅक्चर," ते म्हणाले. म्हणजे शिरा आखडून सांधा वाकलेलाच राहणं. "बाई, घरी चालवत होता ना?" मी मान खाली घातली. "हा बूट आता चढायचा नाही. ऑपरेशन करून बघू. पण चालेलच, असं मी सांगत नाही."

तिला कडेवर घेऊन चाळीचा जिना चढले. पहिल्या मजल्यावर तात्या दाराशी खुर्ची टाकून बसले होते. आजारानंतर पहिल्यांदाच बाहेर आलेले.

"अगं सुधाताई! तुझी टकटक थांबली तेव्हाच मी माईला म्हटलं, पोरीचे बूट सुटले, पळायला लागली. तेवढ्यानंच मला निम्मं बरं वाटलं बघ."

बायांनो, तुमच्या घरी असं मूल असेल तर खाली जा, तोंड उघडून विचारा. मी विचारलं नाही. माझ्या लेकीचा पाय माझ्या भिडेनं घेतला, आणि हे मी आता कुणाला सांगू?

सुधा मात्र खांद्यावरून वाकली. "तात्या, तुम्ही बरे झालात?"

"झालो की!"

तिनं माझी हनुवटी धरून तोंड आपल्याकडे वळवलं. "आई, मग आता फळीवरचे बूट दे ना."