शंभरातल्या आठ जणी

दुभाषीबाईंचं काम ऐकायला सोपं होतं. रुग्णालयात डॉक्टर त्यांच्या भाषेत बोलत, बाई ते मराठी पेशंटला मराठीत सांगत आणि त्याचं म्हणणं डॉक्टरांना. पदरचं काही घालायचं नाही, काही गाळायचं नाही. डॉक्टर 'मी' म्हणाले तर आपणही 'मी'च म्हणायचं. एकवीस वर्षांत बाईंनी अशी शेकडो ऑपरेशनं तोंडाने केली होती. घरी बोटाला सुई टोचली तरी त्यांना घेरी यायची, ती गोष्ट वेगळी.

एक शब्द मात्र त्यांनी कायमचा टाकला होता. नोकरीच्या पहिल्याच वर्षी डॉक्टरांनी एका म्हाताऱ्या पेशंटला वाचण्याची शक्यता सांगितली आणि बाई बोलून गेल्या, "नशिबात असेल तर वाचाल, काका."

काकांनी शांतपणे शर्टाची बटणं लावली. "नशिबात असेल तर घरीही वाचेन की," म्हणाले आणि निघून गेले. पुढे त्यांचं काय झालं, हे विचारायचं धाडस बाईंना कधीच झालं नाही. तेव्हापासून नशीब बंद, योग बंद, दैव तर अजिबात बंद. शंभर माणसं धरायची आणि त्यातली किती वाचतात तेवढं सांगायचं. हाताखाली हे काम शिकायला आलेल्या निवृत्त मास्तरांकडूनही त्यांनी हेच घोटून घेतलं. मास्तर सवयीने "देवाच्या कृपेने" जोडत, की बाई कडाडत, "कृपा डॉक्टर बोलले का? मग? तुमचा 'मी' दाराबाहेर ठेवून येत जा!"

आज डॉक्टर हृदयाच्या झडपेबद्दल सांगत होते. यशाची शक्यता ब्याण्णव टक्के, धोका आठ टक्के. बाईंनी मान डोलावली आणि वाक्य मराठीत सांगायला सवयीने शेजारच्या खुर्चीकडे वळल्या. खुर्ची रिकामी होती. आजचा पेशंट त्याच होत्या.



"मला दुभाषी हवा," त्या डॉक्टरांच्याच भाषेत, अगदी अस्खलित म्हणाल्या. डॉक्टरांना वाटलं, थट्टा चाललीय. पण संमतीचा कागद पुढ्यात होता आणि आपल्या भाषेत ऐकल्याशिवाय सही करायची बाईंची छाती होत नव्हती.

ड्यूटीवर नेमके मास्तर होते. बिचारे घाबरतच आत आले.

"मी तुमची झडप बदलणार आहे," मास्तर म्हणाले. एरवी बाई हसल्या असत्या. मास्तरांना धड कांदा चिरता येत नव्हता. "शंभर बायका धरा. ब्याण्णव जणी घरी जातात. आठ जणी जात नाहीत."

टक्के होते तोवर ठीक होतं. आता त्या आठ जणी बाईंना दिसायला लागल्या. कुणाचा चष्मा उशाशी राहिलेला, कुणाच्या चपला पलंगाखाली.

"त्या आठ जणी कोण, हे कोण ठरवतं? विचारा ना, मास्तर."

मास्तरांनी विचारलं. डॉक्टर खांदे उडवून एकच शब्द बोलले. बाईंना तो पुरता ठाऊक होता. त्याच्या तोडीचा मराठी शब्द शोधता शोधता त्या थकल्या होत्या. नशीब म्हटलं की ते लिहिणारा कुणीतरी आला, योग म्हटला की जुळवून आणणारा आला. डॉक्टरांच्या शब्दामागे कुणीच नव्हतं; फासा पडावा तसं नुसतं घडणं. म्हणून तर एवढी भीती वाटत होती. मास्तरांनी एकदाचं 'नशीब' म्हणून टाकावं, असं बाईंना मनापासून वाटलं.

मास्तरांनी त्यांच्याकडे पाहिलं. पण शिकवणी पक्की होती.

"कुणीच ठरवत नाही," ते म्हणाले.

बाईंनी हातातलं पेन खाली ठेवलं.

"आणि आता जे सांगतो, ते डॉक्टर बोललेले नाहीत, बाई. हे मी बोलतोय. ऑपरेशन संपेपर्यंत मी दाराबाहेर बसतो."

"काय म्हणाले ते?" डॉक्टरांनी बाईंना विचारलं.

बाईंनी डोळे पुसले. "'ऑपरेशन संपेपर्यंत मी दाराबाहेर बसतो,'" त्यांनी पदरचं काहीही न घालता डॉक्टरांच्या भाषेत सांगितलं. मग कागद जवळ ओढला, पेन उचललं आणि मराठीत सही केली.