जावयाच्या हातातला चेंडू

पडदा वर जातो तेव्हा रंगमंचभर ऊन आहे. मागे डेटा सेंटरची खिडक्या नसलेली लांबलचक भिंत आणि तिच्या पंख्यांची न थांबणारी घरघर. पुढे अ‍ॅशबर्नच्या सार्वजनिक मैदानाचं गवत, गवतात तांबड्या मातीचा चौकोन, चौकोनाच्या मधोमध मातीचाच उंचवटा. डावीकडे जाळी, जाळीमागे बाकडं. त्या बाकड्यावर सगळे बसलेत. एक माणूस मात्र काही केल्या बसत नाही.

ते प्रल्हाद खांबेटे. वय सहासष्ट, अंगात जांभळी जर्सी, छातीवर देवनागरीत ‘लेझीम’. टोपी काढायची, टकलावरून हात फिरवायचा, टोपी घालायची. खिशातली बडीशेप तोंडात टाकून जाळीपर्यंत जायचं, परत यायचं.

“काका, बसा हो,” विवेक म्हणाला. “तुमच्याकडे बघून मला अ‍ॅसिडिटी होतेय.”

“तुला ती तुझ्या बोलिंगमुळे होते,” प्रल्हादकाका म्हणाले आणि पुन्हा जाळीकडे निघाले.

जवळच्याच हर्नडन गावात सॉफ्टवेअरमध्ये त्यांचं आयुष्य गेलं. ऑफिसातल्या गोऱ्या मित्रांबरोबर डबा खाता खाता त्यांनी टीव्हीवर बेसबॉल पाहिला, आधी चेष्टेने, मग वेड लागल्यासारखा. पुढे आपल्या मंडळींचं क्रिकेटचं मैदान एका डेटा सेंटरने गिळलं, आणि बॅटी गॅरेजमध्ये जाऊन पडल्या. तेव्हा नुकतेच निवृत्त झालेले काका घरोघरी फिरले. “चेंडूच आहे, बॅटच आहे, घाबरता काय?” असं म्हणत त्यांनी ‘अ‍ॅशबर्न लेझीम’ उभी केली आणि रविवारच्या लीगमध्ये घातली. बायका-पुरुष एकत्र खेळतात अशी साधी, हौशी लीग. पण तिचा एक नियम कडक. मोसमाच्या शेवटी जो संघ तळाशी, तो बाहेर, त्याची जागा नव्या संघाला. आज शेवटचा सामना होता. हरले तर लेझीम बंद. काकांचे रविवार पुन्हा सोफ्यावर.

आणि सगळा मोसम लेझीम शेवटच्या अंकातच हरत आली होती.

बेसबॉलमध्ये चेंडू टाकणारा म्हणजे पिचर. पहिला पिचर दमला की शेवट तारून न्यायला दुसरा येतो, रिलीफ पिचर. पहिल्या अंकात टाळ्या घेणारे पुष्कळ मिळतात हो. तिसऱ्या अंकात, प्रेक्षक चुळबुळायला लागल्यावर, नाटक पेलणारा मिळायला नशीब लागतं. लेझीमकडे असे दोघे होते. एक विवेक, नागपूरचा फिरकीवाला. दुसरा केदार. पुण्याच्या क्लबात वेगवान गोलंदाजी केलेला, सहा फूट उंच, देखणा. दोघांना एकच रोग. जरा ताण आला की हाताला जुनी सवय आठवायची, आणि चेंडू फलंदाजाच्या पुढ्यात टप्पा खायचा. क्रिकेटमध्ये ज्याला वाहवा मिळते, तो चेंडू इथे वाया जातो. असे चार वाया गेले की फलंदाज काही न करता पहिल्या बेसवर, म्हणजे चौकोनाच्या पहिल्या कोपऱ्यावर, जाऊन उभा. विवेकने तर एका सामन्यात टप्पा टाकून वर अपीलही केलं होतं. पंच बिचारा बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिला.

विवेकला बसवणं सोपं होतं. केदारला बसवणार कोण? केदार काकांचा जावई.

“बाबा, तुम्ही त्याला सांगताय की मी सांगू?” गुरुवारी फोनवर मुलीने, राधिकाने, विचारलं होतं.

“जावयाला तोंडावर कसं सांगायचं गं?”

“जावयाला नका सांगू. प्लेयरला सांगा!”

“तुझ्या आईला विचार,” काकांनी फोन पत्नीच्या हातात दिला होता. सुहासिनीबाईंचं मत ठरलेलं. “आठ वर्षांत आपण त्यांना एका शब्दाने दुखवलेलं नाही. आता एका चेंडूसाठी दुखवायचं?”

तिसरा पर्याय उजव्या कोपऱ्यात उभा असायचा, जिथे चेंडू क्वचितच येतो. संघमित्रा अमरावतीची. विद्यापीठाच्या सॉफ्टबॉल संघात पिचर होती, आता हर्नडनच्या एका लॅबमध्ये रक्त तपासते. ती कमरेतून वाकून, हात खालून आणून चेंडू सोडायची. बेसबॉलमध्ये तसं टाकलेलं चालतं, पण असा चेंडू फार कुणी पाहिलेला नसतो. एप्रिलमध्ये ती म्हणाली होती, “काका, मला एकदा टाकू द्या ना.” काका म्हणाले होते, “बघू.” मग मे गेला, जून गेला, आणि काकांनी तिच्या नजरेला नजर देणं सोडलं.

तर आता सातवा, शेवटचा डाव. लेझीम तीन धावांनी पुढे. उंचवट्यावर केदार.

पहिला फलंदाज बाद झाला. बाकड्यावर शिट्ट्या. काकांनी टोपी घातली. दुसऱ्याला केदारने दोन टप्पे टाकले, मग आणखी दोन. तिसऱ्याला तेच. काकांनी टोपी काढली. चौथ्याने दणका दिला, एक धाव आली. काका मैदानात गेले.

“केदारराव, काय म्हणताय?” हवापाण्याची चौकशी केल्यासारखं त्यांनी विचारलं. म्हणायचं होतं, चेंडू द्या. हातही थोडा पुढे झाला होता.

“मस्त, बाबा. हात मोकळा होतोय. रिलॅक्स.”

“वा वा. छान. चालू द्या,” असं म्हणून काका परत आले आणि जाळीवर डोकं टेकून उभे राहिले.

“सांगितलंत?” विवेकने विचारलं.

“विचारपूस केली.”

“विचारपूस! काका, साखरपुडा नाहीये हा!”

पुढच्याला चार टप्पे. तिन्ही बेस भरले. त्याच्या पुढच्यालाही चार, सगळे एकेक बेस पुढे ढकलले गेले, आणि आणखी एक धाव सरकत घरी आली. आता आघाडी उरली एका धावेची, आणि डाव संपायला समोरच्या संघाचे आणखी दोघे बाद व्हायचे बाकी. काका बाकड्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत येरझाऱ्या घालत होते. बडीशेप संपली होती, रिकामी पुडीच चघळत होते. उंचवट्यावर केदार कपाळ पुसत उभा होता. ते दिसलं आणि मागच्या पायऱ्यांवरून सुहासिनीबाई उठल्याच.

“अहो! जावईबापू घामाने निथळतायत! ते कोकम सरबत तरी नेऊन द्या!”

“आई, प्लीज!” शेजारी बसलेल्या राधिकाने तिचा पदर ओढला.

पण काकांचा हात बाटलीवर गेला होता. आठ वर्षांची सवय ती. जावयाला तहान लागलेली दिसली की सासऱ्याने उठायचं. ते तरातरा निघाले. चुन्याच्या रेषेपाशी त्यांचं पाऊल जरा अडखळलं. मग ते पुढे गेले, केदारच्या हातात त्यांनी बाटली दिली, आणि मागून पंचाचा आवाज आला.

“सेकंड व्हिजिट, कोच. न्यू पिचर, प्लीज.”

एका डावात एकाच पिचरकडे संघाचा मॅनेजर, म्हणजे इथे काका, दुसऱ्यांदा गेला की त्या पिचरला मैदान सोडावंच लागतं. केदारने सासऱ्याकडे पाहिलं, बाटलीकडे पाहिलं. काकांनी हात पुढे केला. केदारने चेंडू त्यांच्या हातात ठेवला नाही. पायाशी टाकला आणि चालू पडला.

पायऱ्यांवर सुहासिनीबाई तोंडाला पदर लावून खाली बसल्या. काकांनी वाकून चेंडू उचलला, मांडीला पुसला, आणि उजव्या कोपऱ्याकडे बघून हात वर केला. संघमित्रा धावत आली; पहिल्या बेसवरचा खेळाडू तिच्या कोपऱ्यात गेला आणि त्याच्या जागी बाकड्यावरून विवेक उतरला.

“काका, आता? बेस भरल्यावर?”

“एप्रिलमध्ये द्यायला हवा होता. चुकलंच. घे.”

तिचा पहिला चेंडू जमिनीलगतून निघून वर चढला. फलंदाजाने बॅट फिरवली आणि मग हसून मित्रांकडे पाहिलं. तिसऱ्या चेंडूला तो हसला नाही. त्याचा झेल खुद्द संघमित्रानेच घेतला. त्याच्या पुढच्याने मारलेला चेंडू सरपटत विवेककडे गेला. विवेकच्या हातून तो एकदा उडाला, छातीवर आदळला, आणि कसाबसा फलंदाजाच्या आधी बेसवर पोचला. बाद! जांभळ्या जर्सींचा ढीग झाला, तळाशी संघमित्रा. लेझीम वाचली.

काका त्या ढिगात नव्हते. ते पार्किंगकडे निघाले होते, जवळजवळ पळतच. केदार गाडीच्या डिकीत सामान कोंबत होता. बाटली न उघडताच टपावर ठेवलेली.

“जिंकलो,” काका म्हणाले.

“ऐकलं.” केदारने डिकी आपटली. “बाबा, तीन वर्षं तुम्ही आम्हाला नियम शिकवताय. एकच सांगा. मुद्दाम आलात ना?”

काकांनी टोपी काढली. या वेळी ती हातातच राहिली.

“नाही, केदारराव. निघालो सरबत द्यायलाच. अर्ध्या वाटेत नियम आठवला, आणि मी मागे फिरलो नाही.”