रेसवाली आंटी

माणूस कसा आहे हे काकू त्याच्या गाडी चालवण्याच्या आवाजावरून सांगायच्या. घरासमोरून गाडी गेली की हातातली पोळी तव्यावर तशीच ठेवून कान द्यायच्या. "ह्यो भित्रा हाय," म्हणायच्या, किंवा "ह्यो बायकोशी भांडून निघालाय, गिअरवर राग काढतोय." मी त्यांच्या वरच्या मजल्यावर राहायला आले, तेव्हा फाटकातल्या चढावर माझी स्कूटी डगमगली. दारात उभ्या असलेल्या काकूंनी नाव-गाव काही विचारलं नाही. "मन हितं न्हाई तुझं," त्या म्हणाल्या. "जेवलीस का?"

मी लातूरची. चंदीगडच्या आयटी पार्कमध्ये नोकरी लागली आणि कुणीतरी सांगितलं की एका कोल्हापूरच्या बाईंची वरची खोली रिकामी आहे. दिवसभर हिंदी आणि इंग्रजी बोलून आल्यावर कुणीतरी आपल्या भाषेत रागवावं, एवढ्यासाठी मी ती घेतली. काकूंचे यजमान हवाई दलात होते. शेवटची नेमणूक इथलीच, म्हणून निवृत्तीनंतर त्यांनी इथंच घर केलं. मी आले त्याच्या आदल्या वर्षी ते गेले होते. एकुलती मुलगी शलाका कॅनडात. सेक्टरमधली मुलं काकूंना 'रेसवाली आंटी' म्हणत, आणि त्याचं कारण मला पहिल्याच रविवारी कळलं.

गॅरेजमध्ये एक हिरवी, बुटकी, उघडी, दोन माणसांची गाडी होती. विलायती, सत्तर वर्षं जुनी. नाव राघू. साहेबांची, म्हणजे यजमानांची, नेमणूक अंबाल्याला असताना एका शेतकऱ्याच्या गोठ्यात ती चाऱ्याखाली गाडलेली सापडली होती. "बाकीच्या बायकांनी नवऱ्याकडनं पाटल्या मागितल्या," काकू म्हणायच्या, "मी भंगार मागितलं." ते भंगार त्यांनी स्वतः उभं केलं. कोल्हापुरात त्यांच्या वडिलांचं मोटार दुरुस्तीचं गॅरेज होतं. शाळा सुटल्यावर त्या घरी न जाता तिथं जात आणि फ्रॉकला ग्रीस लावून आल्याबद्दल रोज मार खात.

त्याच गॅरेजात एक गिऱ्हाईक परदेशातली मोटारींची जुनी मासिकं टाकून जायचं. काकूंना इंग्रजी येत नव्हतं, पण चित्रं कळत होती. युरोपातल्या त्या रस्त्यांवरच्या शर्यती. डोळ्यांवर मोठे चष्मे, तोंडाला काळं फासल्यासारखी धूळ, दात तेवढे पांढरे. पुढं त्या फोटोंखालच्या ओळी वाचता याव्यात म्हणून त्या इंग्रजी शिकल्या. व्हरांड्यात चहा घेताना त्या मला सांगत, "तवा वेगळं मैदान नव्हतं गं. ज्या रस्त्यानं गावातली माणसं देवळाला जायची, दळण आणायची, त्याच रस्त्यानं शर्यत. झाडाला गवताचे भारे बांधायचे, की धडकला तर मरू नये. दारात म्हातारी भाजी निवडत बसलीय आणि पुढनं हा दीडशेनं गेला. म्हातारी भाजी निवडतीय." मग हसता हसता कप खाली ठेवत. "पण म्हातारी हाय, तशी पोरंबी होती दारात. म्हणून तर बंद केल्या. बरं केलं बंद केल्या." ज्या गोष्टीवर जन्मभर जीव लावला, तिच्याबद्दल इतकं सरळ बोलणारं माणूस मी दुसरं पाहिलं नाही.

दर रविवारी पहाटे राघू बाहेर निघे. पंचकुल्यातून मोरनीच्या डोंगराकडे. साहेब असताना ते डाव्या सीटवर बसत. जन्मभर विमानं उडवलेला माणूस, पण राघूला त्यांनी कधी हात लावला नाही. "घाटात झोपायचे ते," काकू सांगायच्या. "घोरायचे सुदिक. माझ्या हाताला ह्याहून मोठं सर्टिफिकेट कुणी दिलंय?" साहेबांच्या जागी आता मी बसू लागले. पहिल्या दिवशी मी दोन्ही हातांनी दार धरून बसले होते. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि वेग कमी केला. पुढच्या वळणावर म्हणाल्या, "ब्रेक कुणालाबी मारता येतो पोरी. सोडायचा कवा, ते कळाय लागतंय."

लाइट पॉइंटवर, म्हणजे सिग्नलला, ट्रॅफिकचे हवालदार आधी फोटो काढत आणि मग कागद मागत. एकानं विचारलं, "आंटीजी, ये कितना भागती है?" काकू म्हणाल्या, "बेटा, भागती मैं हूँ, ये तो साथ देती है." त्यांचं हिंदी असं होतं. पंजाबीही त्या बोलत, कोल्हापुरी हेल काढून, आणि भाजीवाल्याला ते फार आवडे.

मग काही गोष्टी माझ्या लक्षात यायला लागल्या. चहा कपाच्या काठावरून बशीत सांडायचा. सुई ओवायला मला हाक यायची. वर्तमानपत्र त्या डोकं तिरकं करून, कडेनं पाहिल्यासारखं वाचायच्या. मी विचारलं तर, "बल्ब मेलाय ह्या खोलीतला." मी बल्ब बदलला. दुसऱ्या दिवशी त्या वर्तमानपत्र खिडकीशी घेऊन गेल्या, तसंच तिरकं धरून. "डॉक्टरकडे जाऊ या काकू," मी म्हणाले. "जाऊ की," म्हणाल्या, आणि गेल्या नाहीत.

त्या रविवारी आम्ही मोरनीवरून परत येत होतो. ऊन नुकतं चढलेलं. डोंगराच्या पायथ्याशी एक लहानसं गाव आहे, रस्त्याला लागून घरं. समोरून एक सात-आठ वर्षांची मुलगी दुधाचा डबा घेऊन रस्ता ओलांडत होती. रस्त्याच्या अगदी मध्यावर. मला ती लांबून दिसली, आणि मला वाटलं काकूंनाही दिसली असेल. गाडीचा वेग कमी होईना. मी "काकू" म्हणून ओरडले तेव्हा त्यांनी ब्रेक दाबला. राघू फिरली आणि कडेच्या खडीत जाऊन थांबली. मुलीला काही झालं नाही. डबा तेवढा पडला. दूध रस्त्यावरून वाहत आमच्याकडे आलं.

काकू खाली उतरल्या. मुलीची आई धावत आली होती आणि पंजाबीत मोठ्यानं बोलत होती. काकूंनी तिला बोलू दिलं. मग मुलीपुढं गुडघे टेकून बसल्या, तिचे हात, गाल, पाय चाचपून पाहिले. "लगी तो नहीं पुत्तर?" मुलीनं मान हलवली. काकूंनी पुन्हा विचारलं. मुलीनं पुन्हा मान हलवली. ती मान हललेली काकूंना दिसलीच नव्हती, हे मला तेव्हा समजलं.

परत येऊन त्या डाव्या बाजूनं आत बसल्या. "तू चालव." मला भीती वाटत होती, पण मी चालवली. पूर्ण रस्ता माझे गिअर खरखरत होते, तरी त्यांनी एकदाही टोकलं नाही. गाडी गॅरेजमध्ये लावल्यावर उतरल्या आणि म्हणाल्या, "मला दिसत न्हाई, हे मला दिवाळीपास्नं ठावं होतं. मी रस्ता पाठ हाय म्हणून चालवत होते. पोरगी कुठं पाठ असती गं?" मग त्या आत गेल्या.

डॉक्टरांनी सांगितलं की नजरेचा मधला भाग जातो, कडा राहतात. इलाज उशिरा सुरू झाला होता. "तुझं तोंड दिसत न्हाई," त्या घरी येताना म्हणाल्या, "कानातलं दिसतंय. ते सारखं बदलत जा म्हणजे कंटाळा यायचा न्हाई." रिक्षावाल्याला वाटलं आम्ही काहीतरी गमतीचं बोलतोय.

शलाका फोनवर रडली. लहानपणापासून आईच्या तोंडी ऐकलेला इटलीतला तो शर्यतीचा डोंगररस्ता तिला दाखवायचा, असं तिनं कधीपासून मनात धरलं होतं. "मम्मी, इसी साल चलते हैं," ती म्हणाली. काकूंनी फोन दुसऱ्या कानाला लावला. "रस्ता बघायचा होता बाळा. आता बघणारी कुठं ऱ्हायली?" शलाकाला मराठी अर्धवट समजे, त्यातून आईची बोली. फोन माझ्या हातात आल्यावर तिनं विचारलं, "दीदी, क्या बोलीं?" मी सांगितलं, मम्मी नंतर बघू म्हणतायत.

राघूला गिऱ्हाइकं खूप आली. लग्नाच्या वरातींना जुन्या गाड्या पुरवणारा एकजण तर मिठाईच घेऊन आला होता. काकूंनी त्याला चहा पाजला आणि मिठाई परत दिली. "फुलं बांधून बैलाच्या चालीनं न्यायची व्हय तिला?" शेवटी मोहालीच्या एका तरुण सरदारजी दंतवैद्याला त्यांनी ती दिली. त्यांनी त्याला बॉनेट उघडायला लावलं आणि तो काही न विचारता आधी तेल पाहू लागला, तेव्हाच ठरलं. "पहाड दिखाते रहना," एवढंच त्याला म्हणाल्या. राघू फाटकाबाहेर पडली तेव्हा मी ऑफिसला न जाता घरी थांबले होते. काकू व्हरांड्यात मेथी निवडत बसल्या होत्या. गाडी वळून दिसेनाशी झाली तरी हात चालूच होते. संध्याकाळी पाहिलं तर पानं आणि देठं एकाच पातेल्यात होती.

नंतर त्या लवकर थकल्या. शलाका येऊन त्यांना कॅनडाला घेऊन गेली. विमानतळावर काकूंनी माझा चेहरा दोन्ही हातांत धरला, आणि माझं लक्ष नसताना एका कानातलं काढून घेतलं. "हे ऱ्हाऊ दे माझ्याकडं," म्हणाल्या. घर विकलं गेलं. मी पंचकुल्यात दुसरी खोली घेतली. तिथं माझ्याशी मराठीत बोलणारं कुणी नाही.

यंदाच्या थंडीत शलाकाचा फोन आला. काकू गेल्या होत्या. तिनं सगळं नीट सांगितलं. मग म्हणाली, "दीदी, एक बात पूछनी थी. आखिरी दिनों में मम्मी सिर्फ मराठी बोल रही थीं, और वो भी गाँव वाली. मुझे आधा ही समझ आया. एक ही बात बार-बार. 'वारं लागतंय गं. टप नको लावू, असंच जाऊ दे.' वारं मतलब हवा ना? वो तो मैं समझ गई. मैंने खिड़की बंद कर दी, एक और कंबल डाल दिया. लेकिन टप क्या होता है?"

टप म्हणजे उघड्या गाडीवर ओढून घ्यायचं कापडी छत. हे मला माहीत होतं. फोनच्या त्या बाजूला ती वाट पाहत होती.

"ठाऊक नाही गं," मी म्हणाले. "थंडीच वाजत असेल त्यांना. तू बरोबर केलंस."