सायकलची एकच घंटी

कंपूतल्या, म्हणजे संस्थानच्या जुन्या लष्करी छावणीतल्या, आमच्या गल्लीत सायकलवाल्या पाद्रींची घंटी एकदाच वाजायची आणि बायका भराभर दारं लावून घ्यायच्या. पाद्री मूळचे नगरकडचे. आमच्या हिंदीमिश्रित मराठीला मनातल्या मनात हसत असतील, पण स्वभावानं गरीब. नडलं ते इतकंच, की ज्या दारापुढे ते घंटी वाजवत, तिथला आजारी माणूस चार दिवसांत जायचा. आणि त्यांना बोलवायला कुणीच गेलेलं नसायचं.

चपला बाहेर काढायच्या, उशाशी स्टूल ओढायचं, आजाऱ्याचा हात हातात घ्यायचा. बस्स. धर्माचं अक्षरही काढत नसत. शेजारच्या काकांनी एकदा तोंडावर विचारलं, की लोक तुम्हाला यमाचा हरकारा म्हणतात, ठाऊक आहे ना?

"मी पोचतो तेव्हा मरण आधीच येऊन बसलेलं असतं," पाद्री म्हणाले. "माणसाला त्याच्याजवळ एकटं कसं सोडायचं?"

काका असे टरकले, की त्या दिवसापासून पाद्री दिसले की रस्ताच बदलायचे.

माझे वडील पलटणीत हवालदार होते. संस्थान विलीन झालं, पलटण मोडली, आणि वर्दी जमा करून आलेले वडील भिंतीकडे तोंड करून जे पडले ते उठेचनात. वैद्य झाले, डॉक्टर झाले. अन्न सुटलं. मग एका भर दुपारी आमच्याच दारात घंटी वाजली.

आई पांढरीफटक पडली. तिनं कडी लावली आणि आतूनच ठणकावलं, की इथं कुणी मरत नाहीये, चालते व्हा. पाद्री गेले नाहीत. उन्हात पायरीवर बसून राहिले. मला तर त्यांचा इतका संताप आला, की दगड घालावा डोक्यात.

ऊन कललं तेव्हा कित्येक दिवसांनी वडील बोलले. बाहेर कोण आहे, म्हणाले. आई म्हणाली, कुणी नाही.

"आहे. त्यांना आत घे. मला भीती वाटते गं."

लढाईवर जाऊन आलेला माणूस हा. आईनं रडत रडत कडी काढली.

वर्दी जमा करून घेताना कारकुनानं मान वर करून पाहिलंसुद्धा नाही, हे सांगताना वडील लहान मुलासारखे हुंदके देत होते. पाद्री एवढंच म्हणाले, "मी बसलोय." दिवेलागणीला वडिलांनी भात मागितला. तेव्हा पाद्रींनी समोरच्या कोपऱ्याकडे पाहून हलकेच मान हलवली, दारापर्यंत नजर नेली, पाहुण्याला निरोप द्यावा तशी. कोपऱ्यात कुणी नव्हतं.

आमच्या शहरातून राजधानी भोपाळला गेली, कचेऱ्यांची कपाटं ट्रकांवर चढली, त्याच साली पाद्री वारले. त्यांच्या उशाशी माझे वडील बसले होते. सायकल चर्चच्या आवारात गंजत राहिली. तिची घंटी कुणीतरी काढून नेली.

बऱ्याच वर्षांनी वडील पुन्हा अंथरुणाला खिळले. या वेळी उठणार नव्हते, आम्हाला कळत होतं. भर दुपारी दारात घंटी वाजली. एकदाच. मी खिडकीतून पाहिलं, गल्ली रिकामी होती.

आईनं पदराला हात पुसले. दार सताड उघडलं आणि स्टूल ओढून वडिलांच्या उशाशी ठेवलं. वडिलांचा चादरीवरचा हात हळूहळू मिटला, कुणाचा तरी हात धरल्यासारखा. मी जवळ जायला निघाले, तर आईनं मला दंडाला धरून थांबवलं.

"राहू दे," ती म्हणाली. "ते बसलेत."