तेलाचा डाग

कागदावर तेलाचा डाग सावकाश पसरतो, त्याला घाई नसते. आमच्या लेखकमंडळात रिवाज असा, की कथेच्या झेरॉक्स प्रती सगळ्यांना वाटायच्या आणि ऐकणाऱ्यांनी पेन्सिलीने चुका दाखवायच्या. परवा माझी पाळी होती. मी प्रती वाटल्या, तेवढ्यात मंडळातले तिघं पेढे-सामोसे घेऊन आले. तिघांच्याही कथा दिवाळी अंकांत आल्या होत्या. माझं वाचन राहूनच गेलं. बशा कमी पडल्या, तेव्हा सामोसे माझ्या कथेवर ठेवले गेले.

"आता तुमचे पेढे कधी?" शेजारी बसलेल्या सुमतीताईंनी विचारलं.

मी हसलो. दुसऱ्याच्या यशाचा पेढा फार वेळ चघळावा लागतो.

निघताना मीच प्रती गोळा केल्या. पेन्सिलीची एकही खूण नव्हती. माझ्या कथेच्या शेवटच्या पानापर्यंत पोचलं होतं ते फक्त तेल.