फक्त मला येणारा आवाज

आम्ही जुनी मोटार घेतली तेव्हा भोकरदनमध्ये गाडी चालवणारी दुसरी बाई असेलही, पण मला कधी दिसली नाही. नव्वदच्या दशकातली मधली वर्षं होती. मी पिंपळगाव रेणुकाईच्या शाळेत गणित शिकवायचे आणि यजमान जाफराबादला कचेरीत होते. त्यांची एसटी एका दिशेला जायची, माझी दुसऱ्या. त्यांची वेळेवर यायची, माझी यायची न यायची. म्हणून गाडी मी शाळेला न्यायची, असं ठरलं. चालवायला मी माझ्या भावाकडून शिकले होते, सुट्टीत, मोकळ्या माळावर.

पहिले तीनचार महिने सगळं ठीक होतं. मग एका सकाळी, गाव सोडल्यावर पहिल्या खराब पट्ट्यावर, खालून ‘टक्’ असा आवाज आला. थोड्या वेळानं पुन्हा टक्. कुणीतरी बोटाच्या पेरानं दारावर वाजवावं, तसा. मी गाडी बाजूला घेतली, उतरले, चारी चाकांकडे बघितलं. काहीच दिसलं नाही. शाळेत पोचेपर्यंत तो अधूनमधून येत राहिला आणि परत येतानाही आला.

रविवारी यजमानांना म्हटलं, “जरा चालवून बघा, आवाज येतोय.” ते राजूरपर्यंत जाऊन आले. मी शेजारी कान देऊन बसले होते. एकदाही आला नाही.

“कुठंय आवाज?” त्यांनी विचारलं.

“रोज येतो हो.”

“आज सुट्टी असेल त्याची,” ते म्हणाले आणि हसले. मीही हसले.

सोमवारी सकाळी त्याच पट्ट्यावर, टक्.

गावात दोन मेकॅनिक होते. पहिल्याकडे गेले तर तो म्हणाला, “उतरा बाई, मी बघतो.” मी उतरले. तो बाजारापर्यंत चक्कर मारून आला आणि म्हणाला, गाडी बिलकुल चांगली आहे. मी फारच आग्रह धरला म्हणून त्यानं सायलेन्सरची पट्टी आवळून दिली. दुसरा जरा मेहनती होता. त्यानं पुढचे रबरी बुश बदलले, डिकी रिकामी करून पाहिली, दारं हलवून पाहिली. पण तोही चालवायला बसताना मला उतरवूनच बसला आणि त्यालाही आवाज आला नाही. परत येऊन त्यानं मला दिलेला सल्ला आजही आठवतो. “बाई, चांगला टेप बसवून घ्या. गाणी लावली की काही ऐकू येणार न्हाई.”

शाळेतल्या एक बाई कधीकधी माझ्यासोबत यायच्या. त्यांना विचारलं तर म्हणाल्या, “येतो की आवाज. चारचाकीला आवाज येणारच. एसटीला किती येतो!” त्यांच्या साक्षीचा काही उपयोग नव्हता.

एकदा सासूबाईंना डोळे दाखवायला मीच जालन्याला घेऊन गेले. त्या नेहमीसारख्या माझ्या मागच्या बाजूला बसल्या, कापडी पिशवी पायाशी घेऊन. वाटलं, आज घरातल्या माणसासमोर आवाज होईल आणि माझं म्हणणं खरं ठरेल. जाताना नाही, येताना नाही. घरी आल्यावर त्या यजमानांना म्हणाल्या, “काही न्हाई रे, चांगली चालती गाडी. तिला उगाच वाटतं.”

तेव्हापासून मी घरात तो विषय बंद केला. पण आवाज बंद झाला नव्हता. रोज सकाळी गाडीत बसले की माझे खांदे आखडायचे. तो आला की वाईट वाटायचं आणि नाही आला की त्याची वाट बघत बसायचे. एखादी गोष्ट फक्त आपल्यालाच ऐकू येते, ही भावना फार एकटी पाडते. हळूहळू मलाच वाटू लागलं की माझ्या कानात काही बिघाड आहे. नवी शिकलेली बाई, उगाच घाबरते, असं लोक म्हणत असतील, आणि कदाचित बरोबरच म्हणत असतील.

आठवीतल्या एका मुलीचे वडील ट्रकवर होते. ते शाळेत आले असताना सहज बोलणं झालं. ते म्हणाले, “जालन्याला भोकरदन नाक्याच्या अलीकडं एक म्हातारा मिस्त्री हाये. ट्रकवालेच जातात त्याच्याकडं. टाइम लई लावतो, बोलतो कमी. पण धरलेलं सोडत न्हाई.”

शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर मी तशीच जालन्याला गेले. पत्र्याची शेड, समोर दोन ट्रक उभे. मिस्त्री साठीच्या पुढचे, सडपातळ, उंच, कानावर बिडी अडकवलेली. त्यांनी मला तासभर थांबवलं. माझ्यानंतर आलेल्या एका ट्रकवाल्याचं काम आधी केलं, कारण त्याला नांदेडला जायचं होतं, आणि मला तसं सांगितलंही नाही. मला राग आला होता. उठून जावं, असं दोनदा मनात आलं.

मग ते हात पुसत आले. “काय तकलीफ आहे?”

“आवाज येतो. टक् असा. खालून.”

“कोणाला येतो?”

हा प्रश्न मला आजवर कुणी विचारला नव्हता. मी खरं ते सांगून टाकलं. “फक्त मला येतो. यजमानांना नाही, दोन मेकॅनिकना नाही.”

आता हे हसतील, असं वाटून मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होते. ते हसले नाहीत. ते डावीकडचं दार उघडून आत बसले आणि म्हणाले, “मंग तुम्हीच चालवा. मी ऐकतो.”

राजूरच्या रस्त्यानं आम्ही निघालो. आज येणार नाही, याची जवळजवळ खात्रीच होती. मिस्त्री डोळे मिटून बसले होते, एक हात दारावर, एक सीटखाली. रस्ता उखडलेल्या जागी मी जरा ब्रेक दाबला आणि खालून आवाज आला. टक्.

मिस्त्रींनी डोळे उघडले. “आला.”

एवढा एकच शब्द. मी पुढं रस्त्याकडेच बघत राहिले, कारण डोळे भरून आले होते आणि ते त्यांना दिसू नयेत असं वाटत होतं. त्या एका शब्दासाठी मी किती महिने थांबले होते, हे मला तेव्हाच कळलं.

“बराबर म्हणून राह्यल्या तुम्ही,” ते म्हणाले. “आवाज आहे. आता कुठून येतो ते बघू.”

परत शेडपाशी आलो. ते म्हणाले, “आता मी चालवतो, तुम्ही इकडं बसा.” ते माझ्या जागेवर बसले, त्यांच्या लांब पायांना जागा व्हावी म्हणून सीट मागं सरकवली आणि गाडी त्याच रस्त्यानं, त्याच खड्ड्यांवरून नेली. आवाज आला नाही. परत नेली. नाहीच आला. मला पुन्हा धसका बसला. पण ते माझ्याकडे संशयानं बघत नव्हते. उलट त्यांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच जरा उत्साह दिसत होता.

मग त्यांनी जे केलं त्यानं गणिताची शिक्षिका म्हणून मी थक्क झाले. एका वेळी ते एकच गोष्ट बदलत होते. आधी जॅक आणि हत्यारं काढून ठेवली आणि मला चालवायला लावलं. टक्. मग स्टेपनी काढली. टक्. मग मागची पूर्ण सीट उचलून शेडमध्ये ठेवली. टक्. दर खेपेला ते शेजारी बसायचे आणि दर खेपेनंतर एक चक्कर स्वतः मारून बघायचे. त्यांच्या हातात गाडी गप्प, माझ्या हातात बोलकी. मी वर्गात मुलांना सांगून सांगून थकायचे की उदाहरण सोडवताना एकदम चार पायऱ्या गाळू नका. इथं एक माणूस ऊन उतरेपर्यंत एकही पायरी गाळत नव्हता. दोन ट्रकवाले बाजेवर बसून तमाशा बघत होते. एकजण म्हणालाही, “मिस्त्री, सोडा ना, एवढ्याशा आवाजाला काय होतं?” मिस्त्रींनी त्याच्याकडे वळूनही पाहिलं नाही.

शेवटी ते माझ्यासमोर उकिडवे बसले. “बाई, सांगा मला. तुम्ही असं काय करता जे मी करत न्हाई?”

मी आठवून आठवून सांगू लागले. क्लच जरा हळू सोडते. वेग कमी ठेवते. पर्स शेजारच्या सीटवर असते. ते प्रत्येक गोष्टीला मान हलवत होते. मी उठून चालवायला बसले, सवयीप्रमाणे खालचा दांडा ओढून सीट पुढं घेतली, कारण त्याशिवाय माझे पाय पुरायचे नाहीत. ते माझ्या हाताकडे बघत होते.

“थांबा,” ते म्हणाले. “उतरा. सीटला हात लावू नका.”

मी उतरले. तो उंच माणूस माझ्या जागेवर जसाच्या तसा बसला. सीट पुढंच होती. त्यांचे गुडघे स्टिअरिंगच्या दोन्ही बाजूंनी वर आले, डोकं टपाला टेकलं. ट्रकवाले मोठ्यानं हसले. मीही हसू दाबलं. मिस्त्री मात्र गंभीर होते. त्यांनी तशाच अवघडल्या अवस्थेत गाडी काढली, मी शेजारी बसले. शंभर पावलं गेलो असू, त्यांनी ब्रेक दाबला.

टक्.

त्यांनी गाडी तिथंच थांबवली आणि माझ्याकडे वळून लहान मुलासारखे हसले. त्यांचे दोन दात नव्हते, हे मला तेव्हा दिसलं.

शेडमध्ये येऊन त्यांनी चालकाची सीट काढली, चटई उचलली. ज्या लोखंडी पट्ट्यांवर सीट पुढंमागं सरकते, त्यांचे मागचे दोन बोल्ट जिथं बसतात तिथला पत्रा गंजून गेला होता. एक बोल्ट नव्हताच. दुसरा भोकात नुसता लटकत होता. “हात लावून बघा,” ते म्हणाले. मी बोट लावलं तर तो बोल्ट फिरला आणि सहज वर आला.

“सीट मागं असली की माणसाचं वजन ह्याच्यावर येतं,” त्यांनी समजावलं. “मंग पट्टी दबून राहती, आवाज न्हाई. सीट पुढं घेतली की वजन पुढं जातं. ब्रेक मारला की मागची बाजू उचलती आणि खाली आपटती.”

“पण सासूबाई मागं बसल्या होत्या तेव्हा मीच चालवत होते. तेव्हा नाही आला.”

“पायाशी सामान होतं का काही?”

पिशवी. सासूबाई कापडी पिशवी माझ्या सीटखाली सारून ठेवायच्या, सांडू नये म्हणून. सीटच्या मागच्या बाजूला तिचीच पाचर बसली असणार. मला एकदम सगळं लख्ख दिसलं. यजमान उंच, ते सीट मागं घ्यायचे. दोन्ही मेकॅनिकनी बसताबसताच सीट मागं घेतली असणार. गाडी तपासायला बसलेल्या प्रत्येकानं पहिली गोष्ट हीच केली होती की माझी जागा मोडून आपली जागा केली.

“आणि ब्रेक जोरात मारावा लागला असता तर?” मी विचारलं.

मिस्त्रींनी तो बोल्ट तळहातावर घेतला. मग म्हणाले, “सीट उलटली असती पुढं. तुमच्यासकट.” बोल्ट खाली ठेवून म्हणाले, “मीबी तेच केलं ना बाई. पहिल्यांदा बसलो तर हात सीटवरच गेला. तीन तास तुमचे वाया घालवले.”

कुणी विचारलं नसताना त्यांनी आपली चूक अशी सरळ माझ्यासमोर ठेवली. माझ्या नोकरीत मी कितीतरी शिकलेली माणसं पाहिली होती. असं बोलणारी फार थोडी होती.

त्यांनी सडलेला भाग कापून जाड पत्र्याचा तुकडा जोडला, नवे बोल्ट घातले आणि स्वतः सीटवर उभं राहून सगळं वजन टाकून हलवून बघितलं. मग म्हणाले, “आता तुमच्या जागेवर बसून चालवा.” राजूरच्या रस्त्यावर मी ते सगळे खड्डे मुद्दाम घेतले. गाडी गप्प होती. सवयीनं मी बराच वेळ आवाजाची वाट बघत राहिले.

घरी यजमानांना सगळं सांगितलं. रविवारी सकाळी ते गाडीत बसले आणि सीट न सरकवता, गुडघे वर घेऊन, अंगणातच थोडा वेळ बसून राहिले. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाहिलं. त्यानंतर मी गाडीबद्दल काही म्हटलं की ते आधी विचारायचे, “कधी होतं? चालवताना तू काय करत असतेस?”

पुढं गाडीचं कुठलंही काम निघालं की मी मिस्त्रींकडेच जायचे. ते तसेच थांबवायचे, तसेच कमी बोलायचे. दोनेक वर्षांनी रेणुकाईच्या यात्रेला ते बायकोला घेऊन पिंपळगावला आले आणि विचारत विचारत शाळेपर्यंत पोचले. मुलांसमोर मी त्यांना खुर्ची दिली तर संकोचून उभेच राहिले. शाळा सुटल्यावर मी दोघांना गाडीतून भोकरदनच्या स्टँडवर सोडायला निघाले. त्यांची बायको पुढं माझ्या शेजारी बसली, देवीच्या गर्दीबद्दल बोलत. मिस्त्री मागं. अर्ध्या रस्त्यात मी आरशात पाहिलं तर त्यांनी डोळे मिटले होते. दमले असतील, झोप लागली असेल, असं वाटून मी गाडी जरा हळू घेतली.

“हळू नका घेऊ,” ते डोळे न उघडता म्हणाले. “आहे तशीच चालवा. मागच्या डाव्या चाकाचं बेरिंग बोलून राह्यलंय.”

“मला तर काहीच ऐकू येत नाही, मिस्त्री.”

“येईल. अजून दोन महिने आहेत.”

त्यांची बायको हसून मला म्हणाली, “यात्रेला बी सुट्टी न्हाई ह्यांच्या कानाला.”

बेरिंगनं दोन महिने काढले नाहीत. पाचव्या आठवड्यातच ते घरघरू लागलं आणि या वेळी घरात सगळ्यांना ऐकू आलं.